मनाच्या डॉक्टरांनी काय शिकावं, हा आपलाही प्रश्न आहे

(युवा अभ्यास शिबिरात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘मानसोपचारतज्ज्ञांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम’ असा छापला आहे. तो वाचून तुमच्यातल्या काहींनी चहाला जायचं ठरवलं असेल, तर मला राग नाही. अभ्यासक्रम म्हटलं की शाळा आठवते आणि झोप येते. शिवाय डॉक्टरांनी काय शिकावं हे डॉक्टर ठरवतील, त्यात आपलं काय, असंही वाटतं. त्यात आपलं काय आहे, तेवढंच सांगायला मी आले आहे.

समजा, भिवंडीची किंवा मालेगावची एक बाई आपल्या सुनेला घेऊन सरकारी दवाखान्यात आली. सून तीन महिने नीट झोपलेली नाही, जेवत नाही, मुलाला जवळ घेत नाही. घरात कुणी म्हणतं सहर केलाय, कुणी म्हणतं नजर लागली. दोन आमिलांकडे जाऊन झालं आहे. दंडावर ताबीज आहे, पिशवीत दम केलेलं पाणी आहे. समोर सव्वीस-सत्तावीस वर्षांचा निवासी डॉक्टर बसला आहे, एम. डी.च्या दुसऱ्या वर्षाचा. बाहेर साठ पेशंट ताटकळत आहेत. ताबीज पाहून तो हसेल, की रागावेल, की ‘हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं?’ असं विचारेल? सुनेशी एकटीशी बोलेल, की सासूलाच सगळं विचारून चिठ्ठी लिहून देईल? यात त्याच्या स्वभावाचा भाग आहेच. पण मी निवासी डॉक्टरांना शिकवते, त्या अनुभवावरून सांगते, की त्याहून मोठा भाग त्याला काय शिकवलं गेलं याचा असतो. आणि परीक्षेत काय विचारलं जातं, याचा तर त्याहूनही मोठा.

म्हणून अभ्यासक्रम हा आपलाही प्रश्न आहे.

आधी थोडी ओळख

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एम. बी. बी. एस. झालेला आणि मग तीन वर्षांचं एम. डी. किंवा त्याच्या बरोबरीचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषधं देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ वेगळा. तो डॉक्टर नसतो, पण चाचण्या आणि समुपदेशन, मानसोपचार यांचं प्रशिक्षण त्यानं घेतलेलं असतं. याशिवाय मनोविकार क्षेत्रातले समाजसेवक आणि परिचारिकाही असतात. चांगल्या ठिकाणी हे सगळे मिळून काम करतात.

पण ही माणसं आहेत किती? आपल्या देशात एक लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञांचं प्रमाण साधारण ०.७५ आहे. म्हणजे लाखामागे एकसुद्धा पुरा नाही. तेही बहुतेक मोठ्या शहरांत. दुसरीकडे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आकडे आपल्याला लागू पडणार नाहीत असं समजायचं कारण नाही. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आणि आजारानुसार पाहिलं तर ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते.

एवढे कमी तज्ज्ञ असताना साध्या एम. बी. बी. एस. डॉक्टरला तरी मनाचे आजार ओळखता यायला हवेत. पण तिथं मनोविकारशास्त्राचा स्वतंत्र पेपर नाही. हा विषय मेडिसिनच्या पोटात आहे. विद्यार्थी हुशार असतात, ज्याचे मार्क नाहीत ते वाचत नाहीत. म्हणून मोहल्ल्यातल्या डॉक्टरकडे धडधड, मुंग्या, पोटात गोळा घेऊन गेलेल्या बाईचा आधी ईसीजी होतो, मग सोनोग्राफी होते, मग टॉनिक मिळतं, आणि उदासीचा आजार वर्षभर तसाच राहतो. मनोविकारशास्त्राचा स्वतंत्र पेपर असावा अशी या क्षेत्रातल्या लोकांची जुनी मागणी आहे. ती आपलीही असायला हवी.

काय बदललं आहे

पूर्वी एम. डी. म्हणजे तीन वर्षं वॉर्डात राबणं, एक प्रबंध लिहिणं आणि शेवटी चार पेपर आणि तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा. पेपर आजही चार आहेत. पण भारतीय वैद्यकीय परिषदेच्या शेवटच्या काळात आणि २०२० साली तिची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या काळात भाषा बदलली. आता क्षमतेवर आधारित अभ्यासक्रम म्हणतात. म्हणजे विद्यार्थ्यानं किती पानं वाचली यापेक्षा त्याला काय करता येतं हे पाहायचं. त्याला रुग्णाशी बोलता येतं का, संमती घेता येते का, नातेवाइकांना आजार समजावता येतो का, हेही तपासायचं.

दुसरा बदल जिल्हा निवासी कार्यक्रमाचा. २०२१ पासूनच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरच्या आरोग्यव्यवस्थेत काम करणं सक्तीचं झालं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात शिकणारा निवासी डॉक्टर तीन महिने जिल्ह्याच्या ठिकाणी जाणार. ही फार मोठी संधी आहे. तिच्याकडे मी पुन्हा येते.

तिसरा बदल कायद्याचा. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. या कायद्यानं रुग्णाला हक्क दिले. उपचार मिळण्याचा हक्क, आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क, आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क. साखळीनं बांधण्यावर बंदी आली. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचे झटके देण्यावर बंदी आली. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताण होता असं गृहीत धरायचं आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची, असं कलम ११५ सांगतं.

या कायद्याचं कलम ३ तर प्रत्येक मुस्लिम तरुणानं वाचावं. धर्म, जात, समूह, राजकीय मत यांच्या आधारावर कुणालाही मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं ते म्हणतं. आणि पुढे म्हणतं, की माणूस आपल्या समाजात रूढ असलेल्या नैतिक किंवा धार्मिक समजुतींप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरूनही तो मनोरुग्ण ठरत नाही. जी मुलगी घरच्यांनी ठरवलेल्या रिश्त्याला नकार देते, जो मुलगा प्रश्न विचारतो, त्यांना ‘दिमाग फिर गया है’ म्हणून डॉक्टरकडे ओढून नेणारे आईबाप आपण पाहिले आहेत. अशा वेळी डॉक्टरला हे कलम ठाऊक असणं फार महत्त्वाचं. ते अभ्यासक्रमात असून भागत नाही, परीक्षेत विचारलं गेलं पाहिजे.

रुग्णाची भाषा, रुग्णाची श्रद्धा

आता अभ्यासक्रमात अजून जे पुरेसं आलेलं नाही, त्याबद्दल बोलते.

मनोविकारशास्त्रात रक्ताची चाचणी करून आजार सापडत नाही. रुग्णाचं बोलणं हीच मोठी तपासणी. आमचे विद्यार्थी ती तपासणी शिकतात तेव्हा रुग्णाची अमूर्त विचार करण्याची शक्ती पाहायला एक म्हण देतात आणि अर्थ विचारतात. ‘पळसाला पानं तीनच’ म्हणजे काय? आता उर्दू माध्यमात शिकलेल्या, घरी दखनी बोलणाऱ्या पोरीनं पळस पाहिलेला नसतो आणि म्हण ऐकलेली नसते. ती म्हणते, ‘पत्ते तीन होते होंगे.’ आणि कागदावर लिहिलं जातं की रुग्णाचा विचार ठोकळ्यासारखा आहे. यात विद्यार्थ्याचा दुष्टपणा नाही. रुग्णाला तिच्या ओळखीची म्हण द्यायची, हे त्याला कुणी ठासून सांगितलेलं नसतं, इतकंच.

दुसरं उदाहरण भ्रमाचं. भ्रम म्हणजे पुरावा असो-नसो, हलत नाही असा चुकीचा समज. पण व्याख्येत एक अट असते. तो समज रुग्णाच्या समाजात, संस्कृतीत सर्वसाधारणपणे मानला जाणारा नसावा. जिन्न असतात असं मानणारा माणूस आजारी नाही, कारण त्याच्या भोवतीची असंख्य माणसं तसंच मानतात. पण जिन्न आपल्याला रात्रंदिवस हुकूम सोडतो आणि म्हणून आपण अन्न सोडलं, असं जो सांगतो त्याला मदतीची तातडीनं गरज आहे. या दोहोंतला फरक ओळखायचा तर डॉक्टरला रुग्णाच्या घरात काय मानलं जातं ते माहीत असायला हवं. नाहीतर दोन चुका होतात. निरोगी माणसाला गोळ्या लागतात, किंवा ‘त्यांच्यात असंच असतं’ म्हणून खरा रुग्ण परत पाठवला जातो.

तिसरं उदाहरण वसवशाचं. वजू बरोबर झाला नाही असं वाटून तासन्‌तास नळाखाली बसणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. नमाज पुन्हा पुन्हा पढणारी, कपडा पाक नाही म्हणून दहादा धुणारी. घरचे आधी म्हणतात, किती परहेजगार! मग वैतागतात. मग म्हणतात, सैतानाचा वसवसा आहे. यातल्या बऱ्याच जणांना मंत्रचळाचा आजार असतो आणि त्यावर औषधं आणि वर्तनोपचार असे दोन्ही उपाय आहेत. पण वर्तनोपचारात ‘एकदाच वजू कर आणि उठ’ असं सांगावं लागतं. हे सांगताना डॉक्टरला वजूत काय फर्ज आहे हे ठाऊक नसेल, तर रुग्ण त्याचं ऐकणार नाही. ठाऊक असेल आणि एखाद्या समजूतदार मौलानांची मदत घेता आली, तर काम सोपं होतं.

हे काही आपल्या परंपरेला परकं नाही. नवव्या-दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले. शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी एकत्र ग्रंथ लिहिला. कारण ठाऊक असलेलं दुःख आणि कारण सापडत नाही असं दुःख यांत त्यांनी फरक केला. वसवशावरही लिहिलं. मनाला आजार होतात आणि त्यांचा इलाज करावा, ही गोष्ट त्यांनी हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवली. ज्यांना मनोविकारशास्त्र पाश्चात्त्यांचं खूळ वाटतं, त्यांना हे सांगा.

आता एक अगदी व्यवहारातलं उदाहरण. लिथियम हे औषध मनोवस्थेच्या टोकाच्या चढउतारांवर दिलं जातं. फार उपयोगी औषध. पण रक्तातलं त्याचं प्रमाण अरुंद मर्यादेत ठेवावं लागतं. शरीरातलं पाणी कमी झालं की ते प्रमाण वाढू शकतं, मग हात थरथरतात, उलट्या होतात, बोलण्यात गोंधळ होतो, जिवावरही बेतू शकतं. उन्हाळ्यातल्या रमजानमध्ये चौदा-चौदा तास पाण्याशिवाय राहणाऱ्या रुग्णाचं काय? हा प्रश्न डॉक्टरनं रमजानच्या महिनाभर आधी काढायला हवा. रक्त तपासायचं, डोस इफ्तार आणि सहेरीच्या वेळेला कसा बसवता येईल ते पाहायचं, आणि ज्याला धोका आहे त्याला रोजे ठेवू नका असं स्पष्ट सांगायचं. आजाऱ्याला रोज्यांतून सवलत आहे, हे आपल्या दीनमध्येच आहे. पण डॉक्टरनं विचारलंच नाही, तर रुग्ण सांगत नाही. तो गुपचूप रोजा ठेवतो किंवा गुपचूप गोळी बंद करतो. दोन्ही धोक्याचं. तुमच्या घरात कुणी अशी औषधं घेत असेल, तर स्वतःच्या मनानं काही बदलू नका. रमजानच्या आधी डॉक्टरला गाठा.

या सगळ्यासाठी साधनं नाहीत असंही नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ च्या आपल्या निदानपुस्तिकेत सांस्कृतिक मुलाखतीचा एक नमुना दिला. त्यात १६ प्रश्न आहेत. तुमचा त्रास तुम्ही तुमच्या शब्दांत कसा सांगाल? घरच्यांना काय वाटतं? याआधी कुणाकुणाकडे मदत मागितली? आमच्याकडून काय हवं आहे? इतके साधे प्रश्न. ते मराठीत, दखनीत, उर्दूत, गोंडीत, कोकणीत नीट बसवून प्रत्येक निवासी डॉक्टरकडून ठरावीक मुलाखती करून घ्याव्यात आणि परीक्षेत त्याचे मार्क असावेत. याला मोठी इमारत लागत नाही की यंत्रं लागत नाहीत.

एरवाडीनंतर

६ ऑगस्ट २००१ ही तारीख लक्षात ठेवा. तामिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी इथं दर्ग्याच्या आसऱ्यानं मनोरुग्णांना ठेवणारी खासगी घरं चालत. पहाटे एका ठिकाणी आग लागली. आत माणसं साखळीनं बांधलेली होती. २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली.

एरवाडीवर दोन प्रकारे बोललं जातं. एक, पाहा, दर्ग्यात काय चालतं. दोन, आमच्या धर्मस्थळांना बदनाम करू नका. मला दोन्ही अपुरी वाटतात. त्या माणसांना तिथं कुणी आणलं? त्यांच्या आईबापांनीच. का आणलं? जवळ दवाखाना नव्हता, होता तिथं औषध नव्हतं, औषध होतं तिथं धड बोलणारं कुणी नव्हतं. दर्ग्यात निदान कुणी ‘आत ये’ म्हणत होतं. त्यांच्या पायात साखळी घालणारा गुन्हेगार होताच, त्यात शंका नाही. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडानं, साखळीनं बांधणं आणि मारणं हा गुन्हा ठरवला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्या कायद्यासाठी आयुष्य वेचलं. तो कायदा सर्व धर्मांच्या बाबाबुवांना सारखा लागू आहे आणि आपल्या मोहल्ल्यात तो वापरला गेला पाहिजे. पण बांधणारे हात सोडवले, तर पुढे त्या माणसाला न्यायचं कुठे, याचंही उत्तर पाहिजे.

गुजरातमध्ये त्याचं एक उत्तर शोधलं गेलं. मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथं मीरा दातारचा दर्गा आहे. तिथं सर्व धर्मांची माणसं मनाचे त्रास घेऊन येतात. २००८ च्या सुमारास आल्ट्रुइस्ट या संस्थेनं सरकारच्या मदतीनं तिथं ‘दवा-दुआ’ नावाचं काम सुरू केलं. मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं. ते भाविकाला म्हणतात, दुआ इथं कर आणि दवा शेजारच्या खोलीत डॉक्टरकडून घे. कुणाची श्रद्धा मोडली नाही आणि औषधही पोटात गेलं. याच्या मर्यादा आहेत. श्रद्धास्थळाची चिकित्सा करायचीच नाही असं मी म्हणत नाही. आपल्या चळवळीनं ती करत राहावं. पण आजारी माणूस आपली चर्चा संपेपर्यंत थांबू शकत नाही.

इथं मी त्या तीन महिन्यांच्या जिल्हा निवासी कार्यक्रमाकडे परत येते. त्या काळात मानसोपचाराच्या प्रत्येक निवासी डॉक्टरनं काही दिवस जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाबरोबर रुग्णालयाबाहेर पडावं. दर्ग्यात जावं, देवळात जावं, आशा कार्यकर्तीबरोबर वस्तीत जावं, उर्दू शाळेत जाऊन शिक्षकांशी बोलावं. आज हे तीन महिने अनेकदा जिल्हा रुग्णालयाची रिकामी जागा भरण्यात जातात. अभ्यासक्रमात चार ओळी नेमक्या लिहिल्या तर हे बदलू शकतं.

बोलून बरं करणं

एक कमतरता अशी, की आपल्याकडे निवासी डॉक्टर औषधं उत्तम शिकतो आणि बोलून उपचार करणं कमी शिकतो. इंग्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ व्हायला पदवीनंतरच्या प्राथमिक प्रशिक्षणाशिवाय तीन वर्षं मूलभूत आणि तीन वर्षं उच्च प्रशिक्षण असतं. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथं नवा अभ्यासक्रम आला. मूलभूत तीन वर्षांत प्रत्येकाला देखरेखीखाली बोलण्याच्या उपचाराची एक छोटी आणि एक दीर्घ केस पुरी करावी लागते, म्हणजे एकाच रुग्णाबरोबर महिनोन्‌महिने बसावं लागतं. आपल्याकडे तीनच वर्षं आणि ओपीडीत रांग. इंग्लंडची नक्कल करा असं मी म्हणत नाही. पण तीन वर्षांत पाच रुग्ण तरी असे असावेत, ज्यांच्याबरोबर विद्यार्थी दहा-बारा वेळा नीट बसला आणि शिक्षकांनी त्याचं काम पाहिलं. दंगलीत दुकान जळालेला माणूस, तुरुंगातून सुटलेला मुलगा, मारहाण सोसलेली बाई, यांचं दुःख फक्त गोळीनं उतरत नाही.

दोन-तीन आक्षेप

काही जण म्हणतील, हे सगळं मुसलमानांसाठी खास मागणं झालं. नाही. पळसाची म्हण उर्दू शाळेतल्या मुलीला अडवते तशी ओडिशातून आलेल्या मजुरालाही अडवते. अंगात येणाऱ्या बाईला, भगताकडे जाणाऱ्या आदिवासी कुटुंबाला, कर्जानं खचलेल्या शेतकऱ्याला ऐकून घेणारा डॉक्टर हवाच आहे. आपण आपल्या अनुभवातून मागू, उपयोग सगळ्यांना होईल.

काही सहकारी म्हणतात, डॉक्टर आधीच कमी, त्यात अभ्यासाचं ओझं कशाला वाढवता? पण रुग्ण दुसऱ्या भेटीला येत नाही, हा ओझ्यापेक्षा मोठा तोटा आहे. औषध अर्ध्यावर सुटतं, आजार उलटतो आणि तोच रुग्ण सहा महिन्यांनी जास्त बिघडून येतो. पहिल्या भेटीत दहा मिनिटं नीट ऐकलं तर पुढचं काम वाचतं.

आणि तुमच्यातलं कुणी म्हणेल, आमच्या बोलण्यानं अभ्यासक्रम बदलतो थोडाच? बदलतो. एकेकाळी समलिंगी आकर्षण हा आजार म्हणून शिकवला जात होता. १९७३ साली अमेरिकन तज्ज्ञांनी आणि १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेनं तो यादीतून काढला. आपल्याकडे तरीही ‘बरं करण्याचे’ उपचार चालू राहिले. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयानं एका जोडप्याच्या अर्जावर आदेश दिले, त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला पुस्तकांतला अपमानकारक मजकूर काढायला सांगावं लागलं आणि असे उपचार गैरवर्तन ठरले. २०२४ च्या ऑगस्टअखेर याच आयोगानं एम. बी. बी. एस.च्या न्यायवैद्यक विषयात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त घातले. टीका झाली, आणि काही दिवसांत ते परिपत्रक मागे घेतलं गेलं. या विषयावर तुमची मतं वेगवेगळी असतील, त्यावर स्वतंत्र सत्र ठेवा. मला एवढंच दाखवायचं आहे की आवाज उठवणारी माणसं थोडी होती, आणि अभ्यासक्रम बदलला.

तुम्ही काय करू शकता

पहिलं, वाचा. एम. डी. मनोविकारशास्त्राचा अभ्यासक्रम आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. मसुद्यावर सूचना मागवल्या की लिहा. आपल्या चळवळीनं पाच जणांचा गट करून हे काम घ्यावं.

दुसरं, शब्द जमवा. आपल्या घरांत मनाच्या त्रासाला कायकाय म्हणतात? ‘जी घबराता’, ‘दिल बैठा जाता’, ‘डोक्यात भुंगा’, ‘सर भारी’. दखनी, कोकणी मुसलमानांची बोली, खानदेशातली बोली यांतले असे शब्द आणि त्यांचे अर्थ गोळा करून छोटी पुस्तिका काढा आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाला नेऊन द्या. आम्हा शिकवणाऱ्यांना ती उपयोगी पडेल.

तिसरं, या क्षेत्रात या. डॉक्टर होणं सगळ्यांना जमणार नाही. पण मानसशास्त्र, समाजकार्य, नर्सिंग हे रस्ते उघडे आहेत. बोलायला आपल्या भाषेतली बाई समोर असली तर किती जणी मोकळ्या होतील, याचा विचार मुलींनी जरूर करावा.

चौथं, मशिदीच्या, ट्रस्टच्या, जमातीच्या लोकांना सांगा. इमाम साहेबांनी जुम्याला एक वाक्य जरी म्हटलं, की मनाचा इलाज करून घेणं ईमानाच्या कमजोरीचं लक्षण नाही, तर आमच्या शंभर व्याख्यानांचं काम होईल.

आणि पाचवं, आजच करण्यासारखं. मोबाइल काढा आणि १४४१६ हा क्रमांक साठवून ठेवा. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र चालते. तुम्हाला स्वतःला, मित्राला, बहिणीला जगणं नकोसं वाटत असेल तर फोन करा. लाजू नका, उद्यावर टाकू नका.

आता प्रश्न विचारा. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नसेल, त्यांनी चिठ्ठी लिहून द्यावी, नाव लिहायची गरज नाही. आणि ज्यांना त्या शब्दांच्या पुस्तिकेचं काम करायचं आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटा, आजच सुरुवात करू.